कॅट, जीमॅट की जीआरई? एकीचाच अभ्यास झेपणार आहे

जीरावन
६ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी इंदूरची, घर लोकमान्यनगरात. बी.ई. कॉम्प्युटर, सुपर कॉरिडॉरवर एका आयटी कंपनीत तीन वर्षं झाली. शिफ्ट दुपारी बारा ते रात्री नऊ. एमबीए करायचं हे नक्की, पुढचं सगळं अधांतरी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कॅट (आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) दिली होती. अभ्यास म्हणाल तर भंवरकुआंच्या क्लासला जाऊन बाहेरच्या टपरीवर चहा प्यायचा, एवढाच. ९१ पर्सेंटाइल आले, म्हणजे शंभरातल्या ९१ जणांच्या पुढे. दहावीला ९१ टक्के, बारावीला ७१ (परीक्षेच्या तोंडावर टायफॉइड, तो विषय नको), बी.ई.ला ७८.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते जीमॅट दे, परदेशातल्या एमबीएलाही चालते, स्कोअर पाच वर्षं चालतो. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो जीआरई दे, गणित सोपं असतं. बाबा म्हणतात, "आयआयएम आपल्या राऊला आहे, घरून डबा घेऊन जाशील." हे ते हसत नाही, गंभीरपणे म्हणतात.

परदेशात जाईनच असं नाही, जाणारच नाही असंही नाही. तर एकच परीक्षा निवडायची झाल्यास कोणती, आणि का?

पोहे_बिनशेवेचे
७ जुलै, सकाळी ७:१२

पहिला! ज्ञानी मंडळी येतीलच, मी प्लेट घेऊन बसलोय.

राऊ_रोड
७ जुलै, सकाळी ९:०५

आधी बाबांना सांग, डबा लागणार नाही. कोर्स निवासी आहे. लोकमान्यनगरची असो की कोचीची, टेकडीवरच्या होस्टेलातच राहायचं. मी दोन वर्षं राहिलोय. घर पंधरा किलोमीटरवर आणि आईचं तोंड महिन्यातून एकदा दिसायचं.

आता मुद्द्याचं. तू टायफॉइडचा विषय नको म्हणालीस, पण तोच खरा विषय आहे. आयआयएम इंटरव्ह्यूला बोलावताना नुसतं कॅटचं पर्सेंटाइल बघत नाहीत. दहावी, बारावी, पदवी, अनुभव, मुलगी असल्याचे काही गुण, असं सगळं मिळून गणित मांडतात. कशाला किती वजन ते प्रत्येक संस्था आपल्या साइटवर प्रवेश धोरणात छापते. पन्नास पानी कंटाळवाणं पीडीएफ असतं म्हणून कोणी वाचत नाही. आपलं इंदूरचं आयआयएम तर दहावी-बारावीच्या मार्कांबाबत कडक म्हणूनच प्रसिद्ध आहे. म्हणजे ९१ वरून ९८ ला गेलीस तरी तुझं ७१ तिथे आडवं येऊ शकतं. येईलच असं म्हणत नाही. पण सहा महिने घालवायच्या आधी आपल्या आकड्यांनी ते गणित एकदा करून बघ.

जीरावन
७ जुलै, सकाळी ९:३०

@राऊ_रोड दादा, हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. क्लासवाल्यांनी तर नाहीच.

राऊ_रोड
७ जुलै, सकाळी ९:३४

क्लासवाला बारावीचे मार्क वाढवून देऊ शकत नाही, म्हणून तो विषयच काढत नाही.

जुना_कॅटवाला
७ जुलै, सकाळी १०:५०

तुम्हा पोरांना कॉम्प्युटरवर स्लॉट निवडून मिळतात... बरं, निवडून नाही, वाटून मिळतात. आम्ही पेन्सिलीने गोळे काळे केलेत. मी २००३ च्या नोव्हेंबरात कॅट दिली. पेपर मस्त गेला. छप्पन दुकानवर मित्रांना पार्टी दिली. घरी येऊन टीव्ही लावला तर बातमी, पेपर फुटला, परीक्षा रद्द! फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा दिली, तेव्हा नोव्हेंबरइतकी काही जमली नाही. पार्टीचे पैसे कोणी परत केले नाहीत.

सांगायचं कारण, कॅट वर्षातून एकदाच. त्या दिवशी ताप आला, ट्रॅफिकमध्ये अडकलात, डोकं बंद पडलं, की गेलं वर्ष. नोकरी करणाऱ्या माणसाने हा जुगार ओळखून खेळावा.

शब्दपारखी
७ जुलै, सकाळी ११:२०

"टायफॉइड" नव्हे, "विषमज्वर". चालू द्या.

पोहे_बिनशेवेचे
७ जुलै, सकाळी ११:२२

@शब्दपारखी काका, कॅटला काय म्हणायचं मग? मांजर?

बडोदेकरीण
७ जुलै, दुपारी २:१५

मी मावसभावाच्या बाजूने. बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीतून बी.ई. केलं तेव्हा परदेशात एम.एस. (मास्टर्स) करायचं की एमबीए हेच ठरत नव्हतं. जीआरई दिली आणि दोन्ही दारं उघडी ठेवली. परदेशातल्या जवळपास सगळ्या मोठ्या बिझनेस स्कूलांना आता जीआरई चालते, आणि एम.एस.ला जिथे परीक्षा मागतात तिथे तीच लागते. जीमॅट दिलीस की एकच दार.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली आहे, दोन तासांच्या आतच संपते. एक निबंध, भाषेचे दोन भाग, गणिताचे दोन. गणितात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, आणि एका भागात मागे-पुढे जाऊन उत्तरं बदलता येतात. मला या सोयीचा फार आधार वाटला, कारण मी दाराला कुलूप लावलं की नाही हे तीनदा बघणाऱ्यांतली आहे.

तोटा एकच, शब्द. एका प्रश्नात वाक्यात रिकामी जागा आणि खाली सहा शब्द. त्यातले दोन असे निवडायचे की कुठलाही टाकला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. एक बरोबर, एक चूक, तर अर्धा गुण नाही, शून्य. मी कमाटीबागेतल्या बाकड्यावर बसून चार महिने कार्डं पाठ केली. शेंगदाणेवाला मला "पेली कार्डवाळी बेन" म्हणायला लागला होता.

राऊ_रोड
७ जुलै, दुपारी ३:०२

@बडोदेकरीण, परदेशासाठी तुमचं बरोबर. पण इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. भारतीय विद्यार्थ्यांना आयआयएमच्या दोन वर्षांच्या मुख्य कोर्सला कॅटच लागते, तिथे जीआरई-जीमॅट चालवून घेत नाहीत. त्यांचे अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे कोर्स वेगळे, अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (पूर्वीचा पीजीपीईएक्स). त्यांना जीमॅट किंवा जीआरई चालते, पण अनुभव चार-पाच वर्षांचा मागतात. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाचा पीजीपी जीमॅट-जीआरईवर, तिथे दोन वर्षांचा अनुभव पुरतो.

म्हणून "कोणती परीक्षा" हा प्रश्न उलटा आहे. कुठे जायचंय ते सांग, परीक्षा आपोआप ठरेल.

शिवाजी_मार्केट
७ जुलै, सायंकाळी ६:४०

कशाला टेन्शन घेऊन राहिलीस? आमचं दुकान आजोबांच्या वेळेपासून, कोणी एमबीए नाही. पुढच्या गल्लीत एक एमबीए झालेला आहे, तो आमच्याकडे उधारी वसूल करायला शिकून राहिला आहे.

(हलके घ्या.)

मधली_आळी
७ जुलै, सायंकाळी ७:१८

@शिवाजी_मार्केट :D

थोडं अवांतर. माझी भाची बारावीला आहे, तिला आत्तापासूनच आयआयएम म्हणतेय. बारावीनंतर काही असतं ना इंदूरला?

राऊ_रोड
७ जुलै, सायंकाळी ७:४५

हो. पाच वर्षांचा आयपीएम, २०११ पासून. प्रवेश आयपीमॅट या वेगळ्या परीक्षेवर. त्याचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे जीरावन हरवेल.

आणि @शिवाजी_मार्केट, "शिकून राहिला आहे" वाचून शब्दपारखी काका कधीही येतील, सावध.

शब्दपारखी
७ जुलै, रात्री ८:०१

आलो आहे. "शिकतो आहे." पण इंदूरची मराठी म्हणून सोडून देतो. आमच्या आई महूच्या, त्याही असंच बोलायच्या.

ग्वाल्हेरचा_शिलेदार
७ जुलै, रात्री १०:३०

एकच कळकळीची विनंती, जीमॅट देणार असशील तर आधी पासपोर्ट उघडून त्यावरचं नाव वाच.

माझी गोष्ट सांगतो. आपल्याकडे मराठी घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पण मध्य प्रदेशच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, म्हणून मी आयुष्यभर दोनच शब्द लिहीत आलो. पासपोर्ट काढताना आई शेजारी बसली होती, "वडिलांचं नाव गाळायचं नाही!" तिथे तीन शब्द झाले. जीमॅटचा अर्ज मी सवयीने दोन शब्दांत भरला. परीक्षेच्या दिवशी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात पोचलो, काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली, पुन्हा पासपोर्ट बघितला. नाव जुळत नाही. सेंटरवर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, माझं आधार कार्ड त्यांनी हातातही घेतलं नाही. चूक माझीच, नियम आधी पाठवलेले होते. फी गेली. वीस हजारांच्या वरची ती फी, आणि घरी आई म्हणते, "मी बरोबरच लिहिलं होतं."

बडोदेकरीण
७ जुलै, रात्री १०:४१

अरे देवा. आई बरोबरच होत्या म्हणा. :(

दोन_बोटं_टायपिंग
८ जुलै, सकाळी ८:२०

कोणी महाराष्ट्राच्या सीईटीचं (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) बोललं नाही. आपण मराठी, मुंबई-पुण्याला नातेवाईक, मग जमनालाल बजाज, सिडनहॅमसारखी कॉलेजं का नकोत?

राऊ_रोड
८ जुलै, सकाळी ८:५५

कारण मराठी बोलण्यावर डोमिसाइल (रहिवासी दाखला) मिळत नाही. बाहेरच्या राज्यातल्यांना फक्त अखिल भारतीय कोट्यातल्या जागा, साधारण १५ टक्के. होळकरांच्या काळापासून इंदुरात आहोत हे सांगून उपयोग होत नाही, मी घरी करून पाहिलंय.

कोपऱ्यातला_टेबल
८ जुलै, दुपारी १२:१०

सगळे कॅट-जीमॅट-जीआरईवर अडकलात. बारावी कमी असलेल्यांसाठी झॅट ही परीक्षा बघा. जानेवारीच्या सुरुवातीला असते. जमशेदपूरचं एक्सएलआरआय इंटरव्ह्यूचा कॉल देताना मुख्यतः झॅटच्या गुणांवर जातं, शाळेच्या मार्कांचं ओझं तितकं ठेवत नाही. कॅटचा अभ्यास झालेला असला की वेगळा मुख्यतः निर्णयक्षमतेचा भाग करायचा. त्यात असले प्रश्न, कारखान्यात मजूर चोरी करताना सापडला, त्याची आई आजारी आहे, तुम्ही मॅनेजर, काय कराल? घरात मोठी झालेली वहिनी असेल तर तिला विचारा, तिचं उत्तर बहुधा बरोबर निघतं. एक लक्षात ठेवा, झॅटमध्ये आठपेक्षा जास्त प्रश्न सोडले तर सोडल्याचेही गुण कापतात.

आणि एनमॅट. तीनदा देता येते, चुकीचे गुण कापत नाहीत. एकाच दिवसाच्या जुगाराला भिणाऱ्यांनी जरूर बघावी.

जीरावन
८ जुलै, रात्री ११:५५

बापरे, मी तीन विचारल्या, तुम्ही सहा केल्यात!

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. राऊ दादांचं ऐकून तीन आयआयएमची धोरणं डाउनलोड करून माझे आकडे टाकून बघितले. ७१ ने खरंच फटका बसतोय. एका ठिकाणी तर ९९ च्या वर गेले तरच काही आशा दिसते.

पण जीमॅटमध्ये नक्की काय वेगळं असतं? गणित कॅटसारखंच असेल ना?

उद्याचा_उमेदवार
९ जुलै, सकाळी १०:०५

मी दोन महिन्यांपूर्वी दिली, तर ताजं सांगतो. २०२४ पासून नवीनच रूप चालू आहे, जुनी पुस्तकं कोणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न. निबंध गेला, भूमिती गेली, व्याकरणाच्या चुका काढणं गेलं. भागांचा क्रम आपण ठरवायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी वेळ उरला तर जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. गणिताच्या भागात कॅल्क्युलेटर नाही, डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते-आकडे वाचून उत्तरं द्यायचा भाग) आहे. आणि गुण २०५ ते ८०५, शेवटी कायम ५. तुझी मैत्रीण "७०० पाहिजेत" म्हणत असेल तर ते जुन्या मापाचं, नव्यात ६४५ च्या आसपास आले की त्याच तोडीचं.

खरा फरक असा. कॅटमध्ये उत्तर काढायचं. जीमॅटच्या डेटा सफिशियन्सीत उत्तर काढता येईल का, एवढंच सांगायचं. इंदुरी उदाहरण देतो.

प्रश्न: एका प्लेट पोह्यांची किंमत किती?
विधान १: दोन प्लेट पोहे आणि एक प्लेट जिलेबी मिळून ८० रुपये.
विधान २: चार प्लेट पोहे आणि दोन प्लेट जिलेबी मिळून १६० रुपये.

सांगा.

पोहे_बिनशेवेचे
९ जुलै, सकाळी १०:११

२५ रुपये. काल खाल्लेत.

शिवाजी_मार्केट
९ जुलै, सकाळी १०:१५

कुठे २५? कोणी ठकवलं तुला.

जीरावन
९ जुलै, सकाळी १०:२०

दोन समीकरणं, दोन अज्ञात. दोन्ही विधानं मिळून काढता येईल!

उद्याचा_उमेदवार
९ जुलै, सकाळी १०:२६

इथेच सगळे पडतात, मीही पडलो होतो. दुसरं विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. नवीन काही सांगतच नाही. दोन्ही मिळूनही काढता येत नाही, तेच उत्तर. इंजिनिअर माणूस आकडे दिसले की सोडवायला धावतो. परीक्षा त्याच खोडीवर टपलेली असते.

बडोदेकरीण
९ जुलै, सकाळी १०:४०

आणि बडोद्याच्या माणसाचा प्रश्नच वेगळा, पोहे कशाला, सेव-उसळ का नाही?

शब्दपारखी
९ जुलै, सकाळी ११:००

या धाग्यावर मी गणित शिकलो. नोंद घ्यावी.

जुना_कॅटवाला
९ जुलै, दुपारी १:३०

हे सगळं ठीक, पण मी एक उलटी बाजू मांडतो. जीमॅटवाल्या कॉलेजांची फी बघितली का कोणी? आयएसबीचा आकडा ऐकून माझ्या भावाने खुर्ची धरली होती. परदेश तर सोडाच. तेच दिल्लीचं एफएमएस कॅटवर घेतं आणि फी इतकी कमी की विश्वास बसत नाही. नुसता "स्कोअर पाच वर्षं चालतो" म्हणून जीमॅट घेणं म्हणजे टिकाऊ आहे म्हणून लग्नात स्टीलचा डबा देणं. टिकेल, पण हवा होता का?

राऊ_रोड
९ जुलै, दुपारी २:०५

@जुना_कॅटवाला, फीचा मुद्दा १०० टक्के मान्य. पण तिच्या बाबतीत पाच वर्षांना अर्थ आहे. आज अनुभव तीन वर्षं. या वर्षी आयएसबीला अर्ज करता येतो. नाही जमलं तर दोन वर्षांनी तोच स्कोअर घेऊन आयआयएमच्या एक वर्षाच्या कोर्सला जाता येतं, परीक्षा पुन्हा द्यायची नाही. कॅटचा स्कोअर एका प्रवेश वर्षापुरता.

@जीरावन, आमची मतं पुरे. दोन रविवार काढ. जीमॅटच्या अधिकृत साइटवर दोन सराव परीक्षा फुकट मिळतात, जीआरईच्याही. कॅटचा एखादा जुना पेपर चाळीस-चाळीस मिनिटं लावून सोडव. काहीही अभ्यास न करता. मग आकडे घेऊन इथे ये.

जीरावन
१० ऑगस्ट, रात्री ११:१५

आले, एक महिना लागला. मधे ऑफिसात रिलीज होता, रविवारही गेले.

जीमॅट: ५९५. डेटा इनसाइट्समध्ये सगळ्यात कमी. पोह्यांच्या प्रश्नाच्या दोन सख्ख्या बहिणी आल्या होत्या, एक बरोबर आली.

जीआरई: गणित १६३, भाषा १५१. सहा शब्दांतले चार मी आयुष्यात पाहिले नव्हते. बडोदेकरीण ताई, तुम्हाला दंडवत, मला ती कार्डं झेपायची नाहीत.

कॅट: डीआयएलआरचा (तक्ते आणि तर्काच्या कोड्यांचा भाग) एक सेट सुटला. उरलेली पंचवीस मिनिटं मी एका सेटकडे बघत बसले, ज्यात सात मित्र गोल टेबलाभोवती बसलेले होते आणि कोणालाच कोणाशेजारी बसायचं नव्हतं.

तर ठरवलं. जीमॅट. सकाळी सात ते नऊ अभ्यास, शिफ्ट बाराची असल्याचा पहिल्यांदाच फायदा. डिसेंबरात परीक्षा द्यायची, ६४५ च्या पुढे गेले तर आयएसबी, नाहीतर नोकरी चालू ठेवून दोन वर्षं थांबेन. जुना_कॅटवाला काका, फीचा आकडा बाबांना अजून सांगितलेला नाही. पासपोर्ट कपाटातून काढून ठेवलाय, अजून उघडलेला नाही.

आता गंमत. हे सगळं बाबांना सांगितलं, ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज, कॅटचं रजिस्ट्रेशन झालं म्हणून! बाबांनी स्वतः भरलं. शहराची पहिली पसंती इंदूर.

उद्याचा_उमेदवार
१० ऑगस्ट, रात्री ११:३२

अभ्यास न करता ५९५ म्हणजे छान आहे. डेटा इनसाइट्स सवयीने वाढतं, घाबरू नकोस. आणि कॅटही देऊन ये, बसायचा सराव होईल. सकाळचा साडेआठचा स्लॉट मिळाला तर खिसे नसलेला स्वेटर घाल. मला गेटवर जॅकेट काढायला लावलं होतं, दोन तास कुडकुडत पर्सेंटेज काढले.

जुना_कॅटवाला
११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

पार्टी निकालानंतर दे.

जीरावनचा_बाप
११ ऑगस्ट, रात्री ९:२०

नमस्कार. मुलीने लिंक पाठवली म्हणून सदस्य झालो, मराठी टायपिंगला दीड तास लागला.

डब्याचं मी गंभीरपणेच म्हटलं होतं. निवासी असतं हे माहीत नव्हतं.

ग्वाल्हेरच्या शिलेदारांचा प्रतिसाद वाचून तिचा पासपोर्ट उघडून बघितला. तीन शब्द आहेत, मधला माझा. जीमॅटचा अर्ज ती भरेल तेव्हा शेजारी बसणार आहे. फीचंही वाचलं, त्यावर घरी बोलू.

झॅटचा फॉर्म पण भरून टाकू का?